आमच्या घरातली मिश्रीबंदी

आमच्या घरात इंग्रजी शिरलं ते स्वयंपाकघराच्या दारानं, आणि त्याला कारण नाईक सर. कॉलेजात ते आम्हाला इंग्रजी शिकवायचे आणि शब्द पाठ करण्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. त्यांचं म्हणणं असं, की वहीत लिहिला म्हणून शब्द आपला होत नाही. घरी जाऊन तो पाच वेळा वापरायचा, तोही ज्याला इंग्रजी येत नाही अशा माणसापुढं, आणि त्या माणसाला तो कळला तरच वहीत उतरवायचा. मराठी शाळेतून आलेल्या आम्हा पोरींना हे सोपं वाटलं, कारण घरी इंग्रजी न येणाऱ्या माणसांचा तुटवडा नव्हता. अडचण शब्दांची होती. त्या वर्षी गावातल्या सगळ्या कॉलेजांची मिळून इंग्रजी वादविवाद स्पर्धा होती, सरांनी माझं नाव परस्पर देऊन टाकलं होतं, आणि विषय होता अमली पदार्थांबद्दल सरकारचं धोरण काय असावं, व्यसनी माणसाला शिक्षा की उपचार. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा माझ्या वाट्याला शिक्षा आली. म्हणजे मी उभं राहून ठासून सांगायचं, की बंदी कडक हवी आणि जो मोडेल त्याला तुरुंग. शब्दही मग तसलेच मिळाले. ॲडिक्शन, क्रेव्हिंग, विथड्रॉवल, रिलॅप्स, प्रोहिबिशन, डिटरन्स. फुलांची नाहीतर भाज्यांची नावं मिळाली असती तर घरचे सुखात राहिले असते.

घर म्हणजे मंगळवार पेठेतल्या दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची पडवी. पडवीत आईची खानावळ. आठ-दहा कॉलेजची पोरं दोन्ही वेळ जेवायला यायची, सगळी खेड्यापाड्यातली, घरची आठवण पोटातून काढणारी. आई चुलीपुढं बसली की भाकरी थापल्याचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. तो थांबला की खलबत्त्यात खर्डा सुरू, मग आमटीला फोडणी, मग ताटांची आदळआपट, आणि या सगळ्यावर आईचा आवाज. आमचे आबा उद्यमनगरात एका फौंड्रीत साचे घालणारे मोल्डर होते. संध्याकाळी ते काळेकुट्ट होऊन यायचे, नळाखाली अर्धा तास घालवायचे आणि मग पोरांच्या पंगतीत शेवटचं ताट घेऊन बसायचे. बोलणं कमी, भाकऱ्या पाच. अशा पंगतीत मी वाढायला उभी राहायची आणि शब्द वापरायची. क्रेव्हिंग म्हणजे तलफ, असं मी आईला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली, मग तलफच म्हण की. पोरांनी मात्र शब्द झेलले. काकू, खर्ड्याचं क्रेव्हिंग आलंय, वाढा जरा. दिवाळीच्या सुट्टीहून परत आलेल्या एकानं तर चपला काढता काढताच सांगितलं, की पंधरा दिवस तुमच्या आमटीचं विथड्रॉवल सोसून आलोय. महिनाभरात आईलाही ते शब्द येऊ लागले. एखादा चौथ्यांदा भात मागायला लागला की ती मला म्हणायची, ह्याचं लई वाढलंय गं, ह्याला तुझं ते प्रोहिबिशन लाव.

आता आईच्या मिश्रीबद्दल सांगायला हवं. माझा मामा जयसिंगपूरच्या बाजारातून तंबाखूची पानं आणायचा. रविवारी दुपारी आई ती एका जुन्या, फक्त त्यासाठीच ठेवलेल्या तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची. त्या धुरानं सगळी गल्ली शिंकायची. पोरं ताटं उचलून पळायची. मला तो वास आवडायचा, हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. मग ती पानं हातानं चुरून, वस्त्रगाळ करून पत्र्याच्या गोल डबीत भरायची. सकाळी भाकऱ्यांना बसायच्या आधी आई उंबऱ्यात बसायची, चिमूट डाव्या तळव्यावर घ्यायची आणि बोटानं दातांना, हिरड्यांना सावकाश लावत राहायची. शेजारच्या रेहानाभाभीही तेव्हा येऊन बसायच्या. त्या घरोघर जाऊन बांगड्या भरायच्या, हातात काकणांची पेटी आणि तोंडात सगळ्या पेठेच्या बातम्या. आईनं डबी पुढं करायची, भाभींनी चिमूट घ्यायची, मग दहा मिनिटं दोघी गप्प. आई गप्प असायची ती तेवढीच, मिश्री लावताना, आणि तेव्हा तिला हाक मारायची आमची कुणाची छाती नव्हती. असं दिवसातून पाच-सहा वेळा. दारात आलेल्या बाईला चहा विचारावा तशी आमच्याकडं डबी विचारली जायची.

गंमत अशी, की मी पंगतीत उडवत असलेल्या शब्दांचं आणि त्या डबीचं काही नातं आहे हे माझ्या डोक्यात आलंच नाही. व्यसनी म्हणजे माझ्या लेखी सरांनी दिलेल्या मासिकातल्या फोटोतला, मुंबईतल्या कुठल्यातरी पुलाखाली गुडघ्यात डोकं घालून बसलेला माणूस. आई तर दात घासत होती.

मग आईची दाढ दुखायला लागली. लवंग झाली, तुरटी झाली, शेवटी आबा तिला दवाखान्यात घेऊन गेले आणि मी बरोबर गेले. डॉक्टरांनी दाढ बघता बघता बॅटरी गालाच्या आत फिरवली आणि तिथंच थांबले. गालाच्या आतल्या बाजूला पांढरा चट्टा होता, रुपयाएवढा. मिश्री किती वर्षं, त्यांनी विचारलं. आई म्हणाली, आठवत न्हाय. ते म्हणाले, आजपासून बंद. तीन महिन्यांनी या. चट्टा गेला तर उत्तम, राहिला तर तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल. पुढचं त्यांनी आबांना बाहेर नेऊन सांगितलं. त्या रोगाचं नाव आमच्या घरात कुणी घेतलं नाही, पण ते आम्हा तिघांनाही कळलं होतं. आई तेव्हा चाळिशीचीही नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी कायदा केला. मिश्री बंद म्हणजे बंद. डबी त्यांनी मोरीत उपडी केली, तो तवा फौंड्रीत वितळवायला नेला, मामाला निरोप गेला, आणि पेठेतल्या दुकानदाराला सांगून ठेवलं की आमच्याकडं तंबाखू द्यायची नाही. आई एवढंच म्हणाली, की तुमच्या बिडीला ह्यो कायदा न्हाय व्हय? आबा जरा गडबडले आणि बिडी ओढायला गल्लीच्या कोपऱ्यावर जायला लागले. ती त्यांची आयुष्यभर सुटली नाही, हे इथंच सांगून टाकते. मी मात्र भलतीच खूश होते. माझं भाषण माझ्याच घरात जिवंत झालं होतं. मी आईची बोटं हुंगून बघायची, जीभ बाहेर काढायला लावायची, आणि रात्री वहीत लिहायची.

पहिले तीन दिवस भयंकर गेले. आईचं डोकं ठणकायचं, हात थरथरायचे, भाकरी तव्यावर करपायची. सकाळी पोट साफ होईना म्हणून ती सगळ्यांवर डाफरायची. आमटीत दोनदा मीठ पडलं आणि एकदा पडलंच नाही. पोरं मान खाली घालून जेवली, एकानंही विनोद केला नाही. मी वहीत विथड्रॉवलपुढं एकेक लक्षण लिहीत होते आणि कौतुकानं बघत होते, की पुस्तकात आहे तसंच सगळं होतंय. आईला बरं वाटत नाहीये, तिच्याजवळ जाऊन बसावं, हे काही मला सुचलं नाही. आज त्या मुलीच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटतात.

चौथ्या दिवशी आई एकदम निवळली. आमटी पूर्वीसारखी झाली, खर्ड्याला चव आली, ती पोरांवर प्रेमानं ओरडायला लागली. मी सरांना अभिमानानं सांगितलं, की डिटरन्स म्हणजे धाक कसा काम करतो याचं उदाहरण माझ्याच घरात आहे आणि मी ते भाषणात घालणार आहे. सर ‘बरं’ म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

माझ्या लक्षात आलं ते बांगड्यांवरून. आमच्या आईचा बांगड्यांचा हिशेब सगळ्या पेठेला माहीत होता. ती संक्रांतीला भरायची आणि श्रावणात भरायची, मधे फुटली तरच एखादी. त्या महिन्यात मात्र रेहानाभाभी दर तीन-चार दिवसांनी पेटी घेऊन यायच्या. आईच्या हातात हिरव्या होत्या, त्यावर लाल आल्या, लालवर चमकीच्या आल्या, आणि कोपराच्या दिशेनं त्या चढतच निघाल्या. भाकरी थापताना असा किणकिणाट व्हायचा की लग्नघरच वाटावं. जेवायला येणाऱ्या एका पोरानं विचारलंसुद्धा, काकू, घरात काय कार्य काढलंय का. मग एका दुपारी मी भाभींच्या पेटीतला बांगड्यांचा एक जोड उचलला. तो गुंडाळलेल्या कागदाच्या आत दुसरी पुडी होती, आणि त्या पुडीतली काळी पूड मला वासावरूनच ओळखू आली.

मग मी जे केलं त्याची लाज मला अजून वाटते. मी आईवर ओरडले, तेही माझ्या स्पर्धेच्या शब्दांत. तू ॲडिक्ट आहेस, तुला रिलॅप्स झालाय, तू खोटारडी आहेस. भाभी पेटी आवरायला लागल्या. तेवढ्यात आबा दुपारची सुट्टी घेऊन घरी आले आणि त्यांना सगळं कळलं. त्यांनी भाभींना सांगितलं की आजपासून आमच्या उंबऱ्याला पाय लावायचा नाही. वीस वर्षांचा शेजार होता तो. माझ्या जन्माच्या वेळी सुईणीला बोलवायला भाभीच धावल्या होत्या.

तेव्हा आई बोलली. हातातल्या सगळ्या बांगड्या वाजवत ती उठली आणि म्हणाली, “तिला काय बोलू नगासा. मीच मागितली तिच्याकडं. डबी तुम्ही मोरीत टाकलीसा, पर माझी तलफ कुठं टाकलीसा? ती हितंच हाय की, माझ्या तोंडात. आठ वर्साची हुती मी, तंबाखूच्या रानात शेंडं खुडायला जायची. दाढ दुखाय लागली, तवा माझ्या आईनं पयली चिमूट लावली. भूकबी मरायची तिनं. मला मरायचं न्हाय, मलाबी कळतंय. पर चोरून खायची पाळी आणलीसा तुम्ही माझ्यावर, माझ्याच घरात.”

आबा पडवीत जाऊन बसले. संध्याकाळी पोरांना आईनं नेहमीसारखं वाढलं, पण त्या दिवशी ती कुणावर ओरडली नाही, आणि ते ऐकायला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी सरांकडं जाऊन रडले. मला बाजू बदलून द्या म्हणाले. सर म्हणाले, चिठ्ठी निघाली ती निघाली, बाजू बदलता येत नाही. मग खिशातून बडीशेपेची पुडी काढून त्यांनी थोडी मला दिली, थोडी स्वतः घेतली. “मी सिगरेट सहा वेळा सोडली,” ते म्हणाले. “सहाव्यांदा सुटली. पण आधीच्या पाच वेळाही मी खोटं सोडत नव्हतो, शोभा. तू रिलॅप्स, म्हणजे पुन्हा घसरणं, हा शब्द शिवीसारखा वापरलास. तो वाटेतल्या ठेचेचा शब्द आहे.” एवढं बोलून त्यांनी मला आणखी दोन शब्द दिले, जे माझ्या बाजूचे नव्हतेच. एक टेपरिंग, म्हणजे हळूहळू कमी करत नेणं. दुसरा हार्म रिडक्शन, म्हणजे एकदम सुटत नसेल तर निदान अपाय तरी कमी करत जाणं. परदेशात यावर मोठी भांडणं चालू आहेत, ते म्हणाले, तू आधी घरातलं मिटव.

मी घरी आले आणि ते दोन शब्द आईला समजावले. या वेळी उभं राहून नाही, तिच्याजवळ चुलीपाशी बसून. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, की हे आधी का न्हाय सांगितलंस. मग ती स्वतः आबांना घेऊन शेजारी गेली. आबांनी भाभींची माफी मागितली, म्हणजे खाकरले आणि चहा होईल का म्हणाले. भाभींना ते पुरलं. पुढची योजना सगळी त्या दोघींची, माझं त्यात काही नाही. डबी भाभींच्या घरात राहणार, आईनं तिथं चालत जायचं, पहिल्या आठवड्यात दिवसाला चार वेळा, मग तीन, मग दोन. आणि भाभी बदामाची टरफलं जाळून राख करायच्या, तिचं दंतमंजन करायच्या, ते त्यांनी मिश्रीत मिसळायचं. आधी पाव भाग, मग निम्मं, मग पाऊण. लपवाछपवी नाही, दोघींनी मिळून डबीत डोकावून प्रमाण ठरवायचं. भाभींनी त्यातच स्वतःचीही कमी केली. आबा फौंड्रीतून येताना टरफलं घेऊन यायचे. एवढ्या बदामांची टरफलं त्यांना कुठं मिळायची कोण जाणे, आमच्या घरात बदाम तर आजारपणातही दिसत नसत. पोरांनाही सगळं कळलं होतं, कारण आमच्याकडं भिंती नावालाच होत्या. आई शेजारहून परत आली की पंगतीतून कुणीतरी विचारायचं, काकू, आज किती? आई बोटं दाखवायची, आणि बोटं कमी झाली की पोरं ताटं वाजवायची. इतका गोंधळ, इतकं हसू आमच्या त्या पत्र्याखाली पूर्वी कधी नव्हतं. हल्ली टीव्हीवर कोट घातलेली माणसं अमली पदार्थांच्या धोरणावर माझेच सगळे शब्द वापरून भांडत असतात. मी आवाज बंद करते, कारण मला ताटं ऐकू येतात.

स्पर्धेच्या दिवशी आई आणि भाभी दोघी सभागृहात आल्या. आईनं लग्नाकार्याचं लुगडं नेसलं होतं आणि शेवटच्या रांगेत ती माझ्या प्रत्येक वाक्याला मान हलवत होती, जरी ते एकही तिला कळत नव्हतं. मी बोलले मात्र झकास. बंदी, धाक, शिक्षा, सगळं ठणकावून. नंतर परीक्षकांपैकी एका गृहस्थांनी प्रश्न विचारला, की समजा तुमच्या घरात कुणी व्यसनी निघालं, तर तुम्ही त्याला पोलिसांत द्याल का? हो म्हणायचं होतं. सरांनी उत्तर बसवूनही घेतलं होतं. मी शेवटच्या रांगेकडं पाहिलं. आईला वाटलं मला शब्द आठवत नाहीये, म्हणून तिनं हातानं खूण केली, बोल, बोल.

मी नाही म्हणाले. आणि मग मोडक्यातोडक्या पण न घाबरलेल्या इंग्रजीत सांगितलं, की आमच्या घरात प्रोहिबिशन झालं होतं, ते तीन दिवस टिकलं, चौथ्या दिवशी बांगड्यांच्या पेटीतून काळा बाजार सुरू झाला, आणि आता आम्ही त्या काळ्या बाजारवालीलाच डॉक्टर नेमलं आहे. सभागृह हसून कोसळलं. आई आणि भाभीही सगळ्यांबरोबर हसल्या, आपल्यावरच हसताहेत याचा पत्ता नसताना. अर्थात मी हरले. तुम्ही समोरच्यांचीच बाजू मांडलीत, असं परीक्षकांनी सांगितलं, आणि ते खरंच होतं. सर मला दारात भेटले. “उत्तर चुकलं,” ते म्हणाले, “इंग्रजी नाही.” परतीच्या वाटेवर मी दोघींना सगळा अर्थ सांगितला तेव्हा भाभी रस्त्यातच बसल्या हसून हसून. आईनं त्यांना हात देऊन उठवलं. मग म्हणाली, हरलीस माझ्यापायी. मी म्हणाले, हरले तर हरले.

तीन महिने भरले आणि आम्ही तिघं परत दवाखान्यात गेलो. त्या सकाळी आबांनी चार बिड्या ओढल्या. आईनं त्या दिवशी खानावळीला कधी नव्हे ती सुट्टी दिली होती आणि आदल्या रात्री पोरांनी आपण होऊन भांडी घासून ठेवली होती. डॉक्टरांनी आईला तोंड उघडायला सांगितलं, बॅटरी लावली, एका बाजूनं बघितलं, दुसऱ्या बाजूनं बघितलं, गाल बोटानं ताणून परत बघितलं. मग ते सरळ झाले आणि म्हणाले, चट्टा जवळजवळ गेलाय, तुकडा काढायची गरज नाही. आबांनी खुर्चीचा दांडा धरला. डॉक्टर लिहायला बसले आणि सहज विचारलं, पूर्ण बंद आहे ना?

“पूर्ण बंद, साहेब,” आबा घाईनं म्हणाले.

आई तोंड पुसत होती. तिनं आबांच्या हातावर हात ठेवून त्यांना थांबवलं.

“न्हाय डॉक्टर,” ती म्हणाली, “महिना झाला सुटून, पर मधी दोनदा लावली. चोरून न्हाय, भाभीच्या म्होरं. एकदा लेक इंग्रजीत बोलाय उभी ऱ्हानार हुती तवा, आन एकदा ती हरून आली तवा.”

आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि ते हसले. आणखी तीन महिन्यांनी या, म्हणाले, आणि असंच खरं सांगा. आबा तिच्याकडं बघत राहिले होते. मी तिचा हात हातात घेतला. मिश्रीचं बोट अजून जरासं काळं होतं, आणि तिनं ते माझ्यापासून लपवलं नाही.